आपण न निवडलेला देवशब्द : दैनंदिन वाचने आणि आपले ख्रिस्ती जीवन

ख्रिस्तसभेच्या उपासनेत वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी पवित्र शास्त्रातील वाचने नेमून दिलेली आहेत. पूर्वी ही वाचने ऐकण्यासाठी भाविकांना पहाटेच्या मिस्साला जावे लागे. आता दिवस उजाडण्यापूर्वीच ती भ्रमणध्वनीवर येऊन थांबलेली असतात. त्यांच्यासोबत मनन-चिंतनही येते. कधी ध्वनिफितीच्या रूपात, कधी चित्रफितीच्या, तर कधी फुलांच्या चित्रावर लिहिलेल्या चार ओळींच्या. ते आपण वाचतो, हात जोडलेले चिन्ह पाठवितो आणि पुढच्या समूहाकडे रवाना करतो.

देवशब्द इतक्या सहजतेने घरोघरी पोहोचावा, ही आनंदाची गोष्ट आहे. अनेक धर्मगुरू, धर्मभगिनी आणि प्रापंचिक हे काम निःस्वार्थ भावनेने करीत आहेत. रुग्णशय्येवर असलेल्यांना, परदेशात नोकरी करणाऱ्यांना आणि मिस्साला जाऊ न शकणाऱ्या वृद्धांना त्याचा मोठा आधार वाटतो. तरीही एक प्रश्न विचारणे आवश्यक झाले आहे. मनन-चिंतनांची संख्या एवढी वाढली असताना मूळ देवशब्द आपल्या घरातील व्यवहारापर्यंत, शेताच्या बांधापर्यंत आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसाच्या मजुरीपर्यंत पोहोचतो आहे काय?

वाचनांची योजना

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी पवित्र उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. बायबलचे भांडार श्रद्धावंतांसाठी अधिक उदारपणे खुले करावे, अशी इच्छा परिषदेने त्यात व्यक्त केली. तोपर्यंत रविवारची वाचने एकाच वर्षाच्या चक्रात फिरत आणि रविवारच्या मिस्सात जुन्या करारातील उतारे क्वचितच ऐकू येत. परिषदेच्या इच्छेनुसार १९६९ साली नवा पाठसंग्रह तयार झाला आणि त्या वर्षीच्या आगमनकाळापासून तो वापरात आला.

या पाठसंग्रहात रविवारच्या वाचनांचे अ, ब आणि क असे तीन वर्षांचे चक्र आहे. अ वर्षात मुख्यतः संत मत्तय, ब वर्षात संत मार्क आणि क वर्षात संत लूक यांचे शुभवर्तमान वाचले जाते. पुनरुत्थानकाळात संत योहानाचे शुभवर्तमान विशेषत्वाने येते. सामान्य काळातील इतर दिवसांचे पहिले वाचन दोन वर्षांच्या चक्रात बदलते. विषम वर्षांसाठी एक मालिका आहे आणि सम वर्षांसाठी दुसरी. शुभवर्तमानाचा उतारा मात्र दरवर्षी तोच असतो.

ही माहिती केवळ उपासनेच्या अभ्यासकांसाठी आहे, असे कोणी समजू नये. या योजनेत एक महत्त्वाचे आध्यात्मिक तत्त्व दडलेले आहे. आज कोणता उतारा वाचावा, हे वाचक ठरवीत नाही आणि प्रवचन करणारा धर्मगुरूही सहसा ठरवीत नाही. तो नेमून दिलेला असतो. आपल्या मनःस्थितीला अनुकूल असो वा नसो, गावात त्या दिवशी काहीही घडलेले असो, तो उतारा आपल्यासमोर येऊन उभा राहतो. आपणच वचने निवडू लागलो, तर सांत्वनाची, आशीर्वादाची आणि समृद्धीची वचने निवडू. नेमलेले वाचन आपल्याला अशा ठिकाणी नेते, जिथे आपण स्वतःहून गेलो नसतो.

नाबोथचा द्राक्षमळा

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. सम वर्षांत सामान्य काळाच्या अकराव्या आठवड्यात सोमवारी आणि मंगळवारी राजे पहिले पुस्तक, एकविसावा अध्याय वाचला जातो. २०२४ साली हे दिवस १७ व १८ जून रोजी आले होते.

इज्रेल येथे राजा अहाबाच्या महालाशेजारी नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा होता. राजाला तेथे भाजीचा मळा करावयाचा होता. त्याने नाबोथला मोबदला देऊ केला. हवा तर याहून चांगला मळा, नाही तर रोख किंमत. नाबोथने नकार दिला, कारण ती जमीन त्याच्या पूर्वजांचे वतन होती. राजा रुसून अंथरुणावर पडला आणि जेवेना. तेव्हा राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याची मोहोर उमटविली आणि ती नगरातील वडीलधाऱ्यांकडे व प्रतिष्ठितांकडे पाठविली. पत्रांत लिहिल्याप्रमाणे उपवासाचा दिवस जाहीर झाला, दोन खोटे साक्षीदार उभे राहिले, नाबोथवर ईश्वरनिंदेचा व राजनिंदेचा आरोप झाला आणि त्याला दगडमार करून ठार मारण्यात आले. नंतर अहाब मळ्याचा ताबा घ्यावयास निघाला.

वसईच्या हरित पट्ट्यात वाड्या राखणाऱ्या कुटुंबांना ही कथा दूरच्या देशातील वाटण्याचे कारण नाही. पूर्वजांची जमीन, वाढीव मोबदल्याचा आग्रह, शासकीय मोहोर, विकत घेतलेली साक्ष या गोष्टी आपल्या परिचयाच्या आहेत. १९८०च्या दशकात फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी हरित वसईच्या रक्षणासाठी उभे राहिले, तेव्हा धर्मगुरूने अशा प्रश्नांत पडावे काय, असा आक्षेप घेतला जात असे. त्या आक्षेपाचे उत्तर आपल्या दैनंदिन वाचनातच आहे.

आता त्याच सोमवारचे शुभवर्तमान पाहावे. मत्तयच्या पाचव्या अध्यायातील या उताऱ्यात एका गालावर मारणाऱ्यापुढे दुसरा गाल करावा, अंगरखा मागणाऱ्यास वरचे वस्त्रही द्यावे, अशी शिकवण प्रभू येशू देतात. पहिले वाचन सांगते, की एका निरपराध माणसाची जमीन खोट्या साक्षीने लुबाडली गेली. शुभवर्तमान सांगते, की दुष्टाईचा सूड घेऊ नका. दोन्ही वाचने एकाच मिस्सात ऐकावयाची आहेत. घाईने लिहिलेले चिंतन यांपैकी पहिले वाचन सोडून देते आणि शुभवर्तमानावर क्षमेचा गोड उपदेश करते. परिणाम असा होतो, की उपदेश नेमका नाबोथला केला जातो. ज्याचा मळा गेला, त्यालाच गप्प राहावयास सांगितले जाते.

हा अर्थ योग्य नाही, हे मंगळवारची वाचने स्पष्ट करतात. देव एलियाला त्या मळ्यातच पाठवितो आणि तो संदेष्टा राजाच्या तोंडावर त्याचा गुन्हा सांगतो. त्याच दिवशीच्या शुभवर्तमानात येशू वैऱ्यांवर प्रीती करण्याची आज्ञा देतात. एलियाचे शब्द ऐकून अहाब आपली वस्त्रे फाडतो, गोणपाट नेसतो, उपवास करतो आणि देव त्याच्यावरील शिक्षा पुढे ढकलतो. दोन दिवसांची वाचने एकत्र ठेवली, की शिकवण पूर्ण होते. सूडाला मनाई आहे, परंतु सत्य सांगण्याला मनाई नाही. अन्याय करणाऱ्यास त्याचा अपराध स्पष्टपणे सांगणे, जेणेकरून त्याला पश्चात्तापाची वाट मिळेल, हेही वैऱ्यावरील प्रेमच होय.

या कथेत आणखी एक गट आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांचे स्थान त्याच गटात असते. आपण राजे नाही आणि आपणा सर्वांवर नाबोथसारखा प्रसंगही येत नाही. परंतु नगरातील ते वडीलधारे आणि प्रतिष्ठित मात्र आपल्यासारखे होते. त्यांच्याकडे पत्र आले आणि त्यांनी निमूटपणे अंमलबजावणी केली. त्यासाठी उपवासाचा धार्मिक विधीही वापरला. ग्रामसभेत मौन पाळणारे, कागदावर साक्षीदार म्हणून सही करणारे, शेजाऱ्यावर होणारा अन्याय माहीत असूनही आपल्याला काय त्याचे म्हणणारे आपण त्या दिवशी स्वतःला कोणत्या जागी पाहतो, हा खरा मननाचा विषय आहे.

मजुराची मजुरी

प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातील सोमवारी दरवर्षी लेवीय पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय वाचला जातो. तुम्ही पवित्र व्हा, या आज्ञेने तो उतारा सुरू होतो. पवित्र होणे म्हणजे काय, याचा तपशील लगेच पुढे येतो: चोरी करू नका, खोटे बोलू नका, मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नका, बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका, न्याय करताना तोंडदेखलेपणा करू नका. त्या दिवशीच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाचे दृश्य आहे. भुकेलेल्याला अन्न दिले काय, परक्याला घरात घेतले काय, आजाऱ्याची व बंदिवानाची भेट घेतली काय, एवढेच तेथे विचारले जाते.

उपवास, क्रूसाची वाट आणि मांसाहाराचा त्याग यांचे नियोजन करीत आपण प्रायश्चित्तकाळात प्रवेश करतो. पहिल्याच सोमवारी ख्रिस्तसभा आपल्यासमोर मजुरीचा हिशेब ठेवते. घरकामास येणारी बाई, वाडीत राबणारा आदिवासी मजूर, बांधकामावरचा परप्रांतीय गवंडी यांचे पैसे वेळेवर आणि पूर्ण दिले गेले काय? सणाच्या दिवशी काम करून घेतल्यावर त्याचा मोबदला कापला गेला काय?

हीच शिकवण अन्य दिवशीही पुनःपुन्हा येते. २९ सप्टेंबर २०२४ रोजी, सामान्य काळाच्या सव्विसाव्या रविवारी, दुसरे वाचन याकोबाच्या पत्रातील पाचव्या अध्यायातून होते. शेत कापणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे तेथे सांगितले आहे. २१ सप्टेंबर २०२५ रोजी, पंचविसाव्या रविवारी, आमोस संदेष्ट्याने खोटे तराजू वापरणाऱ्या आणि शब्बाथ केव्हा संपतो, याची वाट पाहणाऱ्या व्यापाऱ्यांना फटकारले. त्यांचा देह उपासनेत होता, परंतु मन दुकानात होते.

बायबलवरील मनन केवळ वैयक्तिक भक्तीपुरते राहिले नाही, याला ख्रिस्तसभेच्या इतिहासात मोठी साक्ष आहे. पोप लिओ तेरावे यांनी १५ मे १८९१ रोजी 'रेरूम नोव्हारूम' हे कामगारांविषयीचे परिपत्रक काढले. मजुरी बुडविणे हे किती गंभीर पाप आहे, हे सांगताना त्यांनी याकोबाच्या याच वचनाचा आधार घेतला. ८ मे २०२५ रोजी निवडून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी त्यांची आठवण ठेवून हे नाव स्वीकारले. दोनच दिवसांनंतर कार्डिनलांसमोर बोलताना त्यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवी प्रतिष्ठा, न्याय आणि श्रम यांच्यापुढे उभ्या राहिलेल्या आव्हानांचाही उल्लेख केला.

महामारीनंतरचे चित्र

पोप फ्रान्सिस यांनी ३० सप्टेंबर २०१९ रोजी, संत जेरोम यांच्या सणादिवशी, सामान्य काळातील तिसरा रविवार 'देवशब्दाचा रविवार' म्हणून पाळण्याचे घोषित केले. असा पहिला रविवार २६ जानेवारी २०२० रोजी साजरा झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच चर्चची दारे बंद झाली. त्या वर्षी ९ मार्चपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंत सांता मार्ता निवासातील पोप महोदयांचे दैनंदिन मिस्साबलिदान जगभर प्रक्षेपित होत होते. आपल्याकडेही घराघरांत भ्रमणध्वनी हेच प्रवचनपीठ बनले. त्या काळात लागलेली सवय टाळेबंदी उठल्यावरही राहिली.

या सवयीचा लाभ आपण पाहिला. तिचा धोका असा, की चिंतन हे वाचनाची जागा घेऊ लागले आहे. अनेक संदेशांत वाचनाचा केवळ संदर्भ असतो. अध्याय आणि ओवी. त्याखाली एखादी बोधकथा आणि शेवटी आशीर्वाद. मूळ उतारा उघडून पाहण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. बोधकथा लक्षात राहते. नाबोथ आणि मजूर विस्मरणात जातात.

यात आता यंत्राची भर पडली आहे. वाचनाचा संदर्भ दिला, की संगणक काही क्षणांत निर्दोष भाषेत मनन-चिंतन लिहून देतो. २८ जानेवारी २०२५ रोजी व्हॅटिकनने 'अँटिक्वा एत नोव्हा' हा कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा दस्तऐवज प्रसिद्ध केला. माणसाची बुद्धी ही देहाने, अनुभवाने आणि नातेसंबंधांनी घडलेली असते, ती यंत्राच्या कार्यक्षमतेशी समान मानता येत नाही, असा विचार त्यात मांडलेला आहे. शब्दार्थ शोधण्यासाठी किंवा संदर्भ पडताळण्यासाठी यंत्राचे साहाय्य घेण्यात गैर काही नाही. परंतु गावातील कोणत्या दोन घरांत बोलणे बंद आहे, कोणत्या विधवेच्या नावावरची जमीन परस्पर फिरली आहे, हे यंत्राला ठाऊक नसते. 'एव्हांगेली गाउदिउम' या २०१३ सालच्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी प्रवचनकाराला देवशब्दाकडे आणि त्याचबरोबर आपल्या लोकांकडेही कान द्यावयास सांगितले. १२ जून २०२४ रोजी त्यांनी प्रवचन आठ मिनिटांपेक्षा अधिक लांबू नये, असेही सुचविले. थोडक्यात बोलावयाचे असेल, तर आधी पुष्कळ ऐकावे लागते.

मराठी परंपरेचा वारसा

देवशब्द लोकांच्या भाषेत आणि लोकांच्या जीवनात आणण्याची आपली परंपरा जुनी आहे. १५७९ साली गोव्यात आलेले येशूसंघीय धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. सामान्य भाविकांच्या हाती स्वभाषेतील बायबल नव्हते, त्या काळात तारणाचा इतिहास त्यांच्या कानांवर पडला तो या ओव्यांतून. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी १९८३ ते २००७ या काळात 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले आणि २०१० साली 'सुबोध बायबल' मराठी वाचकांच्या हाती दिले. त्या अनुवादास २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. जमिनीसाठी लढणारा आणि बायबलचा अनुवाद करणारा हा एकच माणूस होता, हे विसरून चालणार नाही. देवशब्द आणि लोकजीवन यांच्यात त्यांनी भिंत मानली नाही.

संपूर्ण बायबल घरी असणे आणखी एका कारणासाठी आवश्यक आहे. पाठसंग्रहात सगळेच उतारे येत नाहीत. गणना पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायातील सलाफहादाच्या पाच मुलींची कथा त्यात नाही. वडिलांना मुलगा नव्हता म्हणून त्यांचे वतन बुडू नये, यासाठी त्या मुली मोशेसमोर उभ्या राहिल्या आणि देवाने त्यांची मागणी न्याय्य ठरविली. आपल्याकडे १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार, मृत्युपत्र नसल्यास ख्रिस्ती मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. तरीही बहिणींकडून हक्कसोड पत्रावर सह्या घेताना कितीतरी घरांत त्यांना विचार करण्यास वेळही दिला जात नाही. ही कथा मिस्सात ऐकू येणार नाही. ती घरीच वाचावी लागेल.

आपण काय करावे?

बाराव्या शतकातील कार्थुसियन मठवासी गिगो दुसरे यांनी वाचन, मनन, प्रार्थना आणि दर्शन अशा चार पायऱ्या सांगितल्या. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१० सालच्या 'वर्बुम डोमिनी' या पत्रात या साधनेची परिणती कृतीत व्हावयास हवी, याची आठवण करून दिली. त्यांच्या आधारे काही साध्या गोष्टी प्रत्येक कुटुंबाला करता येतील.

पहिली गोष्ट : चिंतन उघडण्यापूर्वी बायबल उघडावे. उतारा मोठ्याने वाचण्यास चार-पाच मिनिटे पुरतात. घरातील मुलांनी आळीपाळीने वाचल्यास त्यांची मराठीही सुधारेल.

दुसरी गोष्ट : पहिले वाचन सोडू नये. संदेष्ट्यांचे कठोर शब्द बहुधा तेथेच भेटतात.

तिसरी गोष्ट : हा उतारा शेजाऱ्याला चांगला लागू पडतो, असा विचार मनात येताच थांबावे. स्वतःला वगळून दुसऱ्यासाठी अर्थ लावण्याच्या या मोहाविषयी पोप फ्रान्सिस यांनीही सावध केले आहे.

चौथी गोष्ट : मनन एका ठरावीक कृतीने संपवावे. प्रायश्चित्तकाळाच्या पहिल्या आठवड्यातील शुक्रवारी वेदीजवळ दान ठेवण्याआधी भावाशी समेट करण्याची आज्ञा वाचली जाते. त्या शुक्रवारी बांधावरून तुटलेल्या भावाला एक फोन केला, तर ते त्या दिवसाचे सर्वोत्तम मनन-चिंतन ठरेल.

जे मनन-चिंतन लिहितात वा बोलतात, त्यांनाही एक नम्र विनंती आहे. आपल्या शब्दांनंतर श्रोत्याला मूळ उतारा पुन्हा वाचावासा वाटला, तर आपली सेवा सफल झाली, असे समजावे. उतारा अवघड असेल, तर त्याची धार बोथट करू नये. सांत्वनाची गरज सर्वांनाच आहे, परंतु नाबोथच्या कुटुंबाला जे सांत्वन हवे होते, ते सत्य बोलणाऱ्या एलियाशिवाय मिळणारे नव्हते.

उद्याचे वाचन आपण निवडलेले नाही. ते आपल्यासाठी नेमलेले आहे. ते ऐकण्याचे धैर्य आणि त्याप्रमाणे चालण्याची कृपा प्रभू आपणा सर्वांना देवो.